लोअर ईस्ट साइडमधील टेनेमेंट घरे

लोअर ईस्ट साइडमधील टेनेमेंट घरे ही अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या मॅनहॅटन बेटावर, आग्नेय भागातील जुन्या वस्तीत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बांधली गेलेली बहुमजली भाड्याची घरे होत. आयर्लंड, जर्मनी, इटली, पूर्व युरोप, चीन आणि पोर्तो रिको येथून आलेल्या स्थलांतरितांच्या अनेक पिढ्यांनी या घरांत वास्तव्य केले. उजेड व हवा नसलेल्या खोल्या, अपुरी शौचालये, आगीपासून सुटकेच्या मार्गांचा अभाव आणि कमालीची दाटी यांमुळे ही घरे असुरक्षित निवाऱ्याचे प्रातिनिधिक उदाहरण मानली जातात. त्यांच्याविरुद्धच्या चळवळीतून १८६७, १८७९ आणि १९०१ साली न्यू यॉर्क राज्याने केलेले कायदे हे अमेरिकेतील गृहनिर्माणविषयक कायद्यांचा पाया ठरले.

नाव आणि व्याख्या

'टेनेमेंट' या शब्दाचा मूळ अर्थ भाड्याने वा अन्य हक्काने धारण केलेली मिळकत असा आहे. न्यू यॉर्कमध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून गरीब कुटुंबांनी गजबजलेल्या इमारतीसाठी तो रूढ झाला. १८६७ च्या कायद्याने त्याला निश्चित व्याख्या दिली. तीनहून अधिक कुटुंबे एकमेकांपासून स्वतंत्र राहतात आणि आपापला स्वयंपाक स्वतः करतात, अशी भाड्याची इमारत म्हणजे टेनेमेंट. या व्याख्येनुसार श्रीमंतांच्या सदनिकाही तिच्यात मोडू शकत होत्या. परंतु व्यवहारात हा शब्द कष्टकऱ्यांच्या घरांनाच चिकटून राहिला.

कायद्यांच्या कालक्रमानुसार या इमारतींचे तीन प्रकार मानले जातात. १८७९ पूर्वीच्या इमारतींना 'कायदापूर्व', १८७९ ते १९०१ या काळातील इमारतींना 'जुन्या कायद्याच्या' आणि १९०१ नंतरच्या इमारतींना 'नव्या कायद्याच्या' इमारती म्हणतात. हे तिन्ही प्रकार आजही या भागातील रस्त्यांवर शेजारी शेजारी उभे दिसतात.

पार्श्वभूमी

लोअर ईस्ट साइड हा भाग पूर्वेस ईस्ट नदी आणि पश्चिमेस बावरी हा रस्ता यांच्या दरम्यान पसरलेला आहे. बंदराच्या गोद्या, जहाजबांधणीचे कारखाने आणि शिवणकामाचे व्यवसाय जवळ असल्याने नव्याने उतरलेल्या माणसाला येथे चालत जाण्याच्या अंतरावर काम मिळत असे. सार्वजनिक वाहतूक महाग आणि मर्यादित असलेल्या काळात हेच या वस्तीच्या दाटीचे प्रमुख कारण होते.

१८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेला बटाट्याचा दुष्काळ आणि १८४८ च्या फसलेल्या क्रांतीनंतर जर्मन प्रदेशांतून झालेले स्थलांतर यांमुळे शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली. या भागातील जर्मनांची वस्ती इतकी मोठी होती की तिला 'छोटा जर्मनी' या अर्थाचे 'क्लाइनडॉइचलांट' हे नाव पडले. १८८१ साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याच्या हत्येनंतर तेथे ज्यूंविरुद्ध हिंसाचार उसळला आणि पूर्व युरोपीय ज्यू मोठ्या संख्येने येथे येऊ लागले. त्याच काळात दक्षिण इटलीतील शेतमजूरही येऊन लगतच्या मलबेरी स्ट्रीटच्या परिसरात स्थिरावले.

आरंभी श्रीमंत कुटुंबांनी सोडलेली जुनी घरे आतून फळ्यांच्या भिंती घालून अनेक कुटुंबांना भाड्याने देण्यात येत. पुढे त्याच भूखंडाच्या मागच्या अंगणात दुसरी इमारत उठवली जाई. अखेरीस केवळ भाड्यासाठीच बांधलेल्या पाच-सहा मजली इमारती उभ्या राहिल्या. १९०० च्या सुमारास शहरातील सुमारे ३४ लाख लोकांपैकी २३ लाख, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश लोक टेनेमेंट घरांत राहत होते. लोअर ईस्ट साइडच्या सर्वांत गजबजलेल्या भागात त्या वेळी दर एकरी ७०० हून अधिक माणसे राहत असत.

इमारतींची रचना

या इमारतींचे दोष समजण्यासाठी मॅनहॅटनच्या भूखंडांचे माप लक्षात घ्यावे लागते. शहराच्या आखणीत एक भूखंड साधारणपणे २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब असे. हे माप एका कुटुंबाच्या घरासाठी योग्य होते. त्याच अरुंद पट्ट्यावर वीस किंवा अधिक कुटुंबांची इमारत बांधताना दोन्ही बाजूंच्या भिंती शेजारच्या इमारतींना टेकत आणि खिडक्यांसाठी केवळ पुढची व मागची बाजू उरत असे.

कायदापूर्व इमारतीत प्रत्येक मजल्यावर सहसा चार बिऱ्हाडे असत. बिऱ्हाडात तीन खोल्या एकामागोमाग एक असत. त्यांतील रस्त्याकडील किंवा अंगणाकडील खोलीलाच खिडकी असे. मधले स्वयंपाकघर आणि त्यामागची झोपण्याची लहान खोली यांना बाहेरचा उजेड मिळत नसे. इमारतीच्या मध्यातून जाणारा लाकडी जिना दिवसाही काळोखा असे. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाच्या इमारतीत असे एक संपूर्ण बिऱ्हाड सुमारे ३२५ चौरस फुटांचे होते.

१८७८ साली एका व्यावसायिक नियतकालिकाने २५ फुटी भूखंडावरील आदर्श टेनेमेंटसाठी आराखड्यांची स्पर्धा घेतली. वास्तुरचनाकार जेम्स वेअर यांच्या आराखड्याला पहिले पारितोषिक मिळाले. त्यात इमारतीच्या दोन्ही बाजू मध्यभागी थोड्या आत घेतल्या होत्या. त्यामुळे शेजारील दोन इमारतींच्या दरम्यान एक अरुंद उभी पोकळी तयार होई. वरून पाहिल्यास इमारतीचा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसे. म्हणून या इमारतींना 'डंबेल टेनेमेंट' असे नाव मिळाले. प्रत्येक मजल्यावर चौदा खोल्या आणि चार कुटुंबे ही रचना पुढील दोन दशके हजारो इमारतींत वापरली गेली.

उजेड आणि हवेसाठी ठेवलेली ही पोकळी प्रत्यक्षात धोक्याचे नवे कारण ठरली. ती इतकी अरुंद होती की खालच्या मजल्यांवर उजेड पोहोचतच नसे. तिच्या तळाशी जाण्याची सोय क्वचितच असल्याने वरून टाकलेला कचरा तेथे कुजत राही आणि दुर्गंधीमुळे रहिवासी खिडक्या बंद ठेवत. आग लागल्यास हीच पोकळी धुराड्याचे काम करी आणि ज्वाळा खालून वरच्या सर्व मजल्यांवर पोहोचवी.

राहणीमान आणि धोके

पाणी आणि शौचालये

१८४२ मध्ये क्रोटन जलवाहिनीद्वारे शहरात स्वच्छ पाणी आले, परंतु ते घरात घेण्याचा खर्च घरमालकावर असल्याने टेनेमेंट घरांत ते बराच काळ पोहोचले नाही. अंगणातील एका नळावरून स्त्रिया व मुले बादल्या भरून वर नेत. शौचालयेही अंगणातच असत. एका लांब कुंडावर रांगेने बसवलेली आणि अधूनमधून पाणी सोडून साफ केली जाणारी शौचालये सर्वत्र दिसत. रात्री, आजारपणात किंवा थंडीत चार-पाच मजले उतरून तेथे जाणे कठीण असल्याने घरातच भांड्यांचा वापर होई.

साथीचे रोग आणि क्षय

१८३२, १८४९ आणि १८६६ साली शहरात पटकीच्या मोठ्या साथी आल्या. नागरिकांच्या एका संघटनेने १८६४ मध्ये डॉक्टरांमार्फत घरोघरी पाहणी करवून घेतली. तीत सुमारे १५ हजार टेनेमेंट घरांत जवळपास पाच लाख लोक राहत असल्याचे दिसून आले. या पाहणीमुळे १८६६ साली महानगर आरोग्य मंडळाची स्थापना झाली आणि त्याच वर्षीच्या साथीत मंडळाने घेतलेल्या स्वच्छतेच्या उपायांमुळे मृत्यूंचे प्रमाण आधीच्या साथींपेक्षा बरेच कमी राहिले.

पटकी ओसरल्यावरही क्षयरोग कायम राहिला. काळोख्या, दमट खोल्यांत तो एका बिऱ्हाडाकडून त्याच खोलीत नंतर येणाऱ्या बिऱ्हाडाकडे जाई. चेरी स्ट्रीटजवळील इमारतींच्या एका गटात क्षयाचे रुग्ण इतके होते की त्याला 'फुप्फुसांचा गट' या अर्थाने 'लंग ब्लॉक' म्हटले जाऊ लागले. लेखक अर्नेस्ट पूल यांनी १९०३ साली त्यावर लिहिलेल्या पुस्तिकेने मोठी खळबळ माजवली.

आग

लाकडी जिना, रॉकेलचे दिवे, कोळशाच्या शेगड्या आणि तळमजल्यावरील बेकऱ्या किंवा दुकाने यांमुळे आगीचा धोका सतत असे. १८६० साली एल्म स्ट्रीटवरील इमारतीला लागलेल्या आगीत जिना जळून गेल्याने वरच्या मजल्यांवरील स्त्रिया व मुले अडकून मृत्युमुखी पडली. त्या काळच्या अग्निशामक शिड्या इतक्या उंच पोहोचत नसत. त्याच वर्षी नव्या मोठ्या इमारतींना सुटकेचा मार्ग ठेवणे बंधनकारक करण्यात आले. 'फायर एस्केप' म्हणून ओळखले जाणारे, इमारतीच्या दर्शनी भागावरील लोखंडी जिने हे पुढे या वस्तीचे ओळखचिन्ह बनले. मात्र घरात जागा नसल्याने त्यांवर गाद्या, पेट्या, कुंड्या ठेवल्या जात आणि उन्हाळ्यात लोक तेथेच झोपत. त्यामुळे प्रत्यक्ष आगीच्या वेळी ते अनेकदा अडवलेले सापडत.

घरातील कारखाने

कपडे शिवणे, विड्यांप्रमाणे चिरूट वळणे, कागदी फुले बनवणे अशी कामे कुटुंबे राहत्या खोलीतच करत. त्याच खोलीत शिवणयंत्र, इस्त्रीची शेगडी, मालाचे गठ्ठे आणि आजारी माणूस असे. न्यू यॉर्क राज्याने १८८४ मध्ये टेनेमेंट घरांत चिरूट बनवण्यास बंदी घालणारा कायदा केला. परंतु राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १८८५ साली जेकब्ज खटल्यात तो रद्द ठरवला. मनुष्याच्या घरात आणि व्यवसायात असा हस्तक्षेप करता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. ज्यांच्या स्वातंत्र्याच्या नावाने हा निर्णय झाला, त्या कामगारांच्या संघटनाच बंदीची मागणी करत होत्या.

भाड्याचे अर्थकारण

टेनेमेंट घरांतील दुरवस्थेमागे भाडेवसुलीची एक साखळी होती. अनेक मालक स्वतः इमारतीकडे फिरकत नसत. ते संपूर्ण इमारत एका ठेकेदाराला ठरावीक रकमेवर देत. ठेकेदार खोली खोली भाड्याने देऊन त्यातील फरक स्वतः ठेवी. दुरुस्तीवरील प्रत्येक डॉलर ठेकेदाराच्या नफ्यातून जात असल्याने दुरुस्ती टाळण्याकडेच त्याचा कल असे. भाडे भागवण्यासाठी भाडेकरू आपल्या खोलीत पोटभाडेकरू ठेवत. ते बहुधा गावाकडचे ओळखीचे, नुकतेच उतरलेले तरुण असत. अशा रीतीने तीन खोल्यांत आठ-दहा माणसे राहणे ही नित्याची गोष्ट झाली.

सर्व मालक दूरस्थ किंवा श्रीमंत नव्हते. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाची इमारत १८६३ साली लुकास ग्लॉकनर या जर्मन शिंप्याने बांधली आणि तो स्वतः तेथेच राहिला. आधी आलेल्या स्थलांतरिताने बचतीतून इमारत घेऊन मागून आलेल्या देशबांधवांना भाड्याने देणे हा उन्नतीचा एक परिचित मार्ग होता. त्यामुळे घरमालक आणि भाडेकरू यांच्यातील संघर्ष पुष्कळदा एकाच भाषेच्या, एकाच प्रार्थनास्थळात जाणाऱ्या माणसांमधला असे.

कायदे आणि सुधारणा

१८६७ चा कायदा

हा अमेरिकेतील टेनेमेंट घरांविषयीचा पहिला सर्वंकष कायदा होता. त्याने दर वीस रहिवाशांमागे किमान एक शौचालय आणि आगीपासून सुटकेचा मार्ग यांची सक्ती केली. झोपण्याच्या खोलीला हवेचा मार्ग असावा अशीही अट होती, पण शेजारच्या खोलीत उघडणाऱ्या झडपेनेही ती पुरी होत असे. त्यामुळे मालकांनी आतल्या भिंतींत लहान झरोके पाडले आणि खोल्या काळोख्याच राहिल्या.

१८७९ चा कायदा

या कायद्याने प्रत्येक खोलीची खिडकी बाहेरच्या हवेत उघडली पाहिजे असे ठरवले आणि भूखंडाच्या ६५ टक्क्यांहून अधिक भागावर बांधकाम करण्यास मनाई केली. परंतु आरोग्य मंडळाला सवलत देण्याचा अधिकार होता आणि तो सढळपणे वापरला गेला. डंबेल इमारतीची अरुंद पोकळी 'बाहेरची हवा' म्हणून मान्य झाल्याने कायद्याचे शब्द पाळूनही त्याचा हेतू निष्फळ झाला. १८८७ च्या दुरुस्तीने शौचालयांचे प्रमाण दर पंधरा रहिवाशांमागे एक असे केले.

जेकब रीस

डेन्मार्कमधील रिबे येथे १८४९ साली जन्मलेले जेकब रीस १८७० मध्ये अमेरिकेत आले. सुरुवातीची काही वर्षे त्यांनी बेकारी आणि बेघरपणा अनुभवला. पुढे ते पोलीस ठाण्यावरील घडामोडींचे वार्ताहर झाले. १८८७ नंतर उपलब्ध झालेल्या मॅग्नेशियमच्या प्रकाशचूर्णाचा वापर करून त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी काळोख्या खोल्यांची छायाचित्रे घेतली. एकदा त्याच चूर्णामुळे एका खोलीत आग लागल्याचा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवला आहे. १८९० साली त्यांचे 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि शहरातील मध्यमवर्गाने ही घरे प्रथमच आतून पाहिली. मलबेरी बेंड येथील कुप्रसिद्ध वस्ती पाडून १८९७ मध्ये तेथे उद्यान खुले झाले, त्यात रीस यांच्या लिखाणाचा मोठा वाटा होता.

रीस यांच्या लेखनावर आक्षेपही घेतले गेले आहेत. इटालियन, ज्यू आणि विशेषतः चिनी लोकांविषयीची त्यांची वर्णने पूर्वग्रहदूषित आहेत. छायाचित्रांतील माणसांची संमती अनेकदा घेतली गेली नव्हती. वस्ती पाडल्यावर तेथील रहिवासी कोठे जाणार, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांच्या सुधारणावादात नव्हते.

१९०१ चा कायदा

लॉरेन्स व्हेलर यांनी १९०० साली शहरात टेनेमेंट घरांविषयी एक प्रदर्शन भरवले. संपूर्ण गटाचा पुठ्ठ्याचा नमुना आणि रोग व दारिद्र्य दाखवणारे नकाशे त्यात मांडलेले होते. त्यानंतर राज्यपाल थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीत रॉबर्ट डीफॉरेस्ट यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याच्या शिफारशींवरून १९०१ चा कायदा झाला. त्याने डंबेल आराखड्यावर बंदी घातली. नव्या इमारतींत अरुंद पोकळीऐवजी मोठा चौक, प्रत्येक खोलीला खिडकी आणि प्रत्येक बिऱ्हाडात नळ व शौचालय आवश्यक झाले.

या कायद्याचे वेगळेपण असे की तो जुन्या इमारतींनाही लागू होता. जिन्यात दिवे लावणे, काळोख्या खोल्यांच्या भिंतींत खिडक्या पाडणे आणि अंगणातील कुंडांची शौचालये काढून इमारतीत पाण्याची शौचालये बसवणे मालकांना भाग पडले. अंमलबजावणीसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले. शहरात त्या वेळी खिडकी नसलेल्या अंतर्गत खोल्यांची संख्या साडेतीन लाखांहून अधिक होती. खर्चाचा हा बोजा घटनाविरोधी आहे, असा दावा करणारा मोशेन खटला घरमालकांच्या बाजूने लढवला गेला. राज्याच्या न्यायालयाने १९०४ मध्ये आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०६ मध्ये कायद्याच्या बाजूने निर्णय दिला. खासगी मालकीच्या घरात भाडेकरूच्या आरोग्यासाठी मालकाला खर्च करायला लावण्याचा राज्याचा अधिकार त्यामुळे प्रस्थापित झाला.

भाडेकरूंचे लढे

सुधारणेचा इतिहास बहुधा सुधारकांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु भाडेकरूंनी स्वतःही संघटित प्रतिकार केला. पूल, उद्याने आणि शाळांसाठी घरे पाडली गेल्याने निर्माण झालेल्या टंचाईत १९०४ साली मालकांनी भाडी वाढवली. तेव्हा ज्यू स्त्रियांनी घरोघरी फिरून भाडे न भरण्याचा निर्धार घडवून आणला. दोनच वर्षांपूर्वी मांसाच्या दरवाढीविरुद्ध त्यांनी केलेल्या बहिष्काराचा अनुभव येथे उपयोगी पडला. १९०७ च्या मंदीत, कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या किशोरवयीन पॉलीन न्यूमन हिच्या नेतृत्वाखाली हजारो कुटुंबांनी पुन्हा भाडे रोखले. काही मालकांनी भाडी उतरवली, तर अनेक कुटुंबांना घराबाहेर काढण्यात आले.

पहिल्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत असे संप शहरभर पसरले. त्यांचा परिणाम म्हणून १९२० साली न्यू यॉर्क राज्याने आणीबाणीचे भाडेकायदे केले; अवाजवी भाडेवाढीला न्यायालयात आव्हान देण्याचा हक्क त्यांनी भाडेकरूंना दिला. या लढ्यांना समांतर असे सेवाकार्यही चालू होते. परिचारिका लिलियन वॉल्ड यांनी १८९३ साली सुरू केलेल्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेच्या परिचारिका घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करत. ही संस्था आजही कार्यरत आहे.

लोकसंख्येतील घट आणि वस्तीचे पाडकाम

१९१० च्या सुमारास लोअर ईस्ट साइडची लोकसंख्या पाच लाखांहून अधिक, म्हणजे सर्वोच्च होती. १९०३ चा विल्यम्सबर्ग पूल, १९०९ चा मॅनहॅटन पूल आणि १९०४ पासून सुरू झालेली भुयारी रेल्वे यांमुळे ज्यांना परवडत होते ते ब्रुकलिन आणि ब्राँक्समधील नव्या घरांकडे वळले. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी दक्षिण व पूर्व युरोपातून होणारे स्थलांतर जवळजवळ थांबवले. मागे राहिले ते मुख्यतः सर्वांत गरीब रहिवासी आणि सर्वांत जुन्या इमारती.

१९२९ च्या बहुकुटुंब निवास कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी जुन्या इमारतींवर आगीपासून संरक्षणाच्या कडक अटी घातल्या. मंदीच्या काळात हा खर्च करण्यापेक्षा अनेक मालकांनी वरचे मजले रिकामे करून बंद केले. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाच्या इमारतीतील भाडेकरूंना याच कारणाने १९३५ साली बाहेर पडावे लागले. तळाची दुकाने तेवढी चालू राहिली.

न्यू यॉर्क शहर गृहनिर्माण प्राधिकरणाची स्थापना १९३४ मध्ये झाली. त्याचा पहिला प्रकल्प 'फर्स्ट हाउसेस' याच भागात डिसेंबर १९३५ मध्ये खुला झाला. रांगेतील दर तिसरी टेनेमेंट इमारत पाडून उरलेल्यांना उजेड मिळवून द्यावा, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक बांधकाम नव्याने करावे लागले. 'लंग ब्लॉक' पाडून १९३४ साली तेथे निकरबॉकर व्हिलेज हा गृहप्रकल्प उभा राहिला. तेथील भाडे जुन्या रहिवाशांना परवडणारे नव्हते. त्यांतील बहुतेक कुटुंबे जवळपासच्याच जुन्या कायद्याच्या इमारतींत राहायला गेली.

उत्तरकाळ आणि सद्यःस्थिती

दुसऱ्या महायुद्धानंतर या घरांत पोर्तो रिकोतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने राहू लागली. 'लोअर ईस्ट साइड'च्या स्पॅनिश उच्चारावरून भागाच्या काही हिश्श्याला 'लॉइसाइडा' हे नाव मिळाले. १९७० च्या दशकात मालकांनी कर व दुरुस्ती सोडून दिलेल्या अनेक इमारती ओसाड पडल्या किंवा जळाल्या. १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर लगतचे चायनाटाउन विस्तारले आणि जुन्या टेनेमेंट घरांत चिनी कुटुंबे आली. खोल्यांत फळ्यांच्या भिंती घालून त्या अनेकांना भाड्याने देण्याची एकोणिसाव्या शतकातील पद्धत तेथे नव्याने दिसू लागली.

कायद्याचे संरक्षण आज बरेच व्यापक आहे. शहरात १९६० पासून राहत्या घरांत शिशाच्या रंगाचा वापर निषिद्ध आहे, १९७३ पासून घरांच्या तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे आणि १९७५ च्या कायद्यानुसार भाड्याचे घर राहण्यायोग्य ठेवणे हे मालकाचे कर्तव्य मानले जाते. ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत, बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेल्यास मालकाने दिवसा घरात किमान ६८ अंश उष्णता पुरवावी लागते. २०१७ साली घरातून काढण्याच्या खटल्यांत अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना मोफत वकील देण्याचा कायदा शहराने केला.

तथापि हे हक्क तक्रारीवर अवलंबून आहेत. इंग्रजी न येणारा, रोख भाडे देणारा, लेखी करार नसलेला किंवा वास्तव्याची कागदपत्रे अपुरी असलेला भाडेकरू तक्रार करण्यास कचरतो. शिवाय तक्रारीचा शेवट इमारत रिकामी करण्याच्या आदेशात होऊ शकतो. जानेवारी २०१८ मध्ये बावरीवरील ८५ क्रमांकाच्या इमारतीचे जिने धोकादायक ठरल्याने शहराच्या बांधकाम खात्याने ती तातडीने रिकामी केली. मुख्यतः चिनी असलेल्या भाडेकरूंना ऐन थंडीत बाहेर पडावे लागले. दुरुस्ती लांबल्याने त्यांपैकी काहींनी उपोषण केले आणि त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस ते घरी परतू शकले. मार्च २०१५ मध्ये लगतच्या ईस्ट व्हिलेजमध्ये बेकायदा जोडलेल्या गॅसच्या नळांमुळे झालेल्या स्फोटात तीन जुन्या इमारती नष्ट झाल्या आणि दोघांचा मृत्यू झाला.

असुरक्षित निवाऱ्याचा प्रश्न आता शहराच्या अन्य भागांतही आहे. १ सप्टेंबर २०२१ रोजी आयडा वादळाच्या पावसात शहरात मृत्यू पावलेल्या १३ जणांपैकी ११ जण तळघरांतील घरांत बुडाले. ही घरे मुख्यतः क्वीन्स भागात होती. नियमबाह्य पण स्वस्त असलेल्या अशा तळघरांत स्थलांतरित कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात.

टेनेमेंट संग्रहालय

१९३५ पासून बंद राहिल्यामुळे ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाच्या इमारतीचे वरचे मजले जवळजवळ जसेच्या तसे टिकून होते. भिंतींवरील कागदांचे एकावर एक चढवलेले थर आणि नंतर पाडलेल्या आतल्या खिडक्या हा कायद्यांच्या इतिहासाचा प्रत्यक्ष पुरावा होता. रूथ अब्राम आणि अनिता जेकबसन यांनी १९८८ मध्ये येथे टेनेमेंट संग्रहालय स्थापन केले. १८६३ ते १९३५ या काळात वीसहून अधिक देशांतील सुमारे सात हजार लोक या एका इमारतीत राहिले असावेत, असा अंदाज आहे. प्रत्यक्ष राहिलेल्या कुटुंबांची बिऱ्हाडे तेथे कागदपत्रांच्या आधारे पुन्हा सजवलेली आहेत. इमारतीला १९९४ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मुंबईतील चाळींशी तुलना

न्यू यॉर्कच्या टेनेमेंट घरांची तुलना मुंबईच्या चाळींशी केली जाते. दोन्ही घरे औद्योगिक शहरात कामासाठी आलेल्यांसाठी भाड्याने देण्याच्या हेतूने बांधली गेली आणि दोन्हीकडे लहान खोल्या, सामाईक शौचालये व पोटभाडेकरू होते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सुधार न्यासाने न्यू यॉर्कप्रमाणेच दाट वस्त्या पाडण्याचा मार्ग अवलंबला आणि विस्थापितांच्या निवाऱ्याचा प्रश्न तेथेही उभा राहिला. रचनेत मात्र महत्त्वाचा भेद आहे. चाळीच्या खोल्या सामाईक सज्जाकडे उघडतात, त्यामुळे दारातून हवा आणि शेजार दोन्ही मिळतात. टेनेमेंटमधील बिऱ्हाडे बंद, काळोख्या जिन्याकडे उघडत. तसेच मुंबईचे चाळकरी प्रामुख्याने कोकण आणि घाटावरून आलेले देशांतर्गत स्थलांतरित होते, तर लोअर ईस्ट साइडचे भाडेकरू परक्या देशात, परक्या भाषेत आपले हक्क मागत होते.

मूल्यमापन

टेनेमेंट घरांच्या इतिहासातून गृहनिर्माणाच्या अभ्यासकांनी दोन निष्कर्ष काढले आहेत. पहिला असा की किमान मानके ठरवणारे कायदे परिणामकारक ठरू शकतात. पटकीसारखे रोग हटले, खोल्यांना खिडक्या मिळाल्या आणि शौचालये घरात आली. दुसरा निष्कर्ष असा की मानके उंचावताना परवडणाऱ्या घरांची सोय झाली नाही, तर सुधारणेची किंमत सर्वांत गरीब भाडेकरूच चुकवतो. वाढीव भाडे, रिकामी केलेली इमारत किंवा त्याहून वाईट घराकडे स्थलांतर या स्वरूपांत ती त्याच्या वाट्याला येते. १९३५ मधील ऑर्चर्ड स्ट्रीट आणि २०१८ मधील बावरी येथील घटनांमध्ये ८३ वर्षांचे अंतर असले, तरी दोन्ही ठिकाणी सुरक्षिततेच्या नियमाची अंमलबजावणी म्हणजे रहिवाशांसाठी घर सोडणे असाच अर्थ झाला.